नर, मादी आणि पाण्याचं टाकं : उंदरांच्या दिशाज्ञानाचा प्रयोग पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

दरवर्षी एम.फार्म.ची नवी मुलं प्रकल्पाचा विषय ठरवायला बसली की दोघा-तिघांच्या तोंडी तरी स्मरणशक्ती असतेच. कुणाला ब्राह्मी घ्यायची असते, कुणाला शंखपुष्पी. आणि मग हमखास एक वाक्य येतं : "मॅडम, नरच घेऊ ना? मादी घेतली की हार्मोनचा घोळ होतो." हे वाक्य मी विद्यार्थिनी असताना ऐकलं आणि पुढं काही वर्षं तसंच बोललेही. आता बोलत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी औषधशास्त्र शिकवते. आमचं प्राणीगृह म्हणजे तीन खोल्या, दोन कूलर आणि एक इन्व्हर्टर. एवढ्यावरही नर आणि मादी उंदीर जागा कशी शोधतात, कशी लक्षात ठेवतात, हा प्रश्न नीट विचारता येतो. त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत, पण क्रम चुकवून चालत नाही. म्हणून पहिल्यांदा हा प्रयोग करणाऱ्यांसाठी, अर्जापासून वहीपर्यंत सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे.

सुरुवातीलाच एका शब्दाचं बघू. मराठीत 'उंदीर' म्हटलं की घरातला चिमुकलाही आला आणि कोठारातला दांडगाही आला. प्रयोगशाळेत मात्र रॅट आणि माऊस हे दोन वेगळे प्राणी आहेत आणि या विषयात तो फरक फार महत्त्वाचा आहे. जोनासन यांनी २००५ मध्ये तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले. रॅटमध्ये जागा शोधण्याच्या कामात नर सरासरीनं पुढं दिसले. माऊसमध्ये तो फरक अगदी किरकोळ निघाला आणि चाचणीनुसार त्याची दिशाही बदलली. त्यामुळे इंग्रजी निबंध वाचून टिपण काढताना दोन्हींना 'उंदीर' लिहू नका. या लेखात उंदीर म्हणजे रॅटच.

आधी प्रश्न समजून घ्या

१९४८ मध्ये टोलमन यांनी मांडलं की उंदीर नुसतं 'इथं डावीकडं, तिथं उजवीकडं' पाठ करत नाही, त्याच्या डोक्यात जागेचा नकाशा तयार होतो. १९७१ मध्ये ओकीफ आणि दोस्त्रोव्स्की यांना उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी सापडल्या, ज्या तो खोलीतल्या ठरावीक जागी आला की चेततात. ओकीफ यांना २०१४ चं नोबेल मिळालं, मोझर दांपत्यासोबत. मधल्या काळात, १९८१ मध्ये, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या रिचर्ड मॉरिस यांनी पाण्याच्या टाक्याची चाचणी आणली. गढूळ केलेलं पाणी, पृष्ठभागाच्या जरासा खाली बुडवलेला एक पाट, आणि भोवतालच्या खोलीतल्या खुणा बघून तो पाट शोधणारा उंदीर. पुढच्याच वर्षी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हिप्पोकॅम्पसला इजा झालेले उंदीर हा लपलेला पाट शोधू शकत नाहीत, पण पाट पाण्याबाहेर दिसत असेल तर थेट तिथं जातात.

आपला प्रश्न त्याच्या पुढचा आहे : नर आणि मादी यात फरक पडतो का, आणि पडत असेल तर नेमका कशात? यातला 'कशात' हा शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सगळा घोळ तिथंच होतो.

अर्ज

घरी, हॉस्टेलच्या खोलीत, वावरातून पकडून आणलेल्या उंदरावर हा प्रयोग करायचा नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आणि १९९८ चे नियम यांखाली नोंदणी झालेल्या संस्थेतच, संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी घेऊनच तो करता येतो. वरची केंद्रीय समिती पूर्वी सीपीसीएसईए म्हणून ओळखली जायची, आता सीसीएसईए म्हणतात. अर्ज 'फॉर्म बी' मध्ये भरायचा. किती प्राणी, कोणत्या लिंगाचे, का, आणि प्रयोगानंतर त्यांचं काय करणार, हे सगळं त्यात लिहावं लागतं.

इथं बहुतेक मुलं 'नर' लिहून मोकळी होतात आणि कारणाच्या रकान्यात 'मादीचं ऋतुचक्र' टाकतात. बेरी आणि झुकर यांनी २०११ मध्ये मोजलं, तेव्हा मेंदूविज्ञानात फक्त नरांवर झालेले अभ्यास फक्त मादींवरच्या अभ्यासांच्या साडेपाच पट निघाले. मादींचे आकडे फार इकडंतिकडं होतात, हे त्यामागचं गृहीतक. २०१६ मध्ये बेकर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरचे अभ्यास पुन्हा चाळले, तर मादींच्या आकड्यांतली चढउतार नरांपेक्षा जास्त नाही असं दिसलं. अमेरिकेच्या एनआयएच या संस्थेनं त्याच वर्षापासून अनुदान मागणाऱ्यांना लिंग हा घटक विचारात घ्यायला सांगितलं. तेव्हा अर्जात दोन्ही मागा. एका गटात साधारण ८ ते १२ प्राणी घेण्याची पद्धत आहे, पण तुमच्या अपेक्षित फरकावरून संख्या काढून तो हिशेब अर्जाला जोडा. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये सांगितलेली तीन तत्त्वं, म्हणजे पर्याय असेल तर प्राणी नको, लागतील तेवढेच घ्या आणि त्रास कमीत कमी द्या, ही त्या हिशेबाच्या मुळाशी आहेत.

प्राणी घेताना

वय जुळवा, वजन नाही. दहा-बारा आठवड्यांचा विस्टार (प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराचा एक वाण) नर त्याच वयाच्या मादीपेक्षा चांगलाच भारी असतो. वजन जुळवायला गेलात तर मोठी मादी आणि कोवळा नर यांची तुलना होऊन बसते. एकाच वेतातली सगळी पिल्लं एका गटात घालू नका. एका आईची आठ पिल्लं म्हणजे आठ स्वतंत्र साक्षीदार नव्हेत.

पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक प्राणी उचलून लिंग स्वतः बघा. नरात गुदद्वार आणि जननेंद्रिय यांतलं अंतर जास्त असतं आणि मोठ्या नराचे वृषण दिसतातच.

मग किमान आठवडाभर रोज हाताळा. दोन-तीन मिनिटं हातावर घ्या, तळहात पोटाखाली घालून उचला, शेपटीला धरून लोंबकळवू नका. नर आणि मादी दोघांनाही सारखाच वेळ द्या. आमच्या प्राणीगृहातले भाऊ हे काम इतक्या मायेनं करतात की त्यांच्या हातातले उंदीर पाण्यात पडल्यावरही शांत असतात. हाताळणी हा प्रयोगाच्या आधीचा वेळ नाही, प्रयोगच आहे. पुढं काठाचं सांगताना हे पुन्हा येईल.

टाकं आणि आपला उन्हाळा

गोल टाकं, दीड मीटर व्यासाचं घेतलं तरी भागतं. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याचं करून घ्या आणि आतून एकसारखा रंग मारा. पाणी ३५ सेंटिमीटर भरलं तर सुमारे ६२० लिटर लागतं. पाट दहा-बारा सेंटिमीटरचा, पाण्याच्या एक-दोन सेंटिमीटर खाली, वरून खरबरीत, म्हणजे पाय घसरणार नाही. पाणी गढूळ करायला दुधाची पावडर चालते, पण आपल्याकडं एप्रिलमध्ये ती संध्याकाळपर्यंत आंबते. रोज बदलावी लागते. शिवाय पांढऱ्या पाण्यात पांढरा उंदीर कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून पांढऱ्या विस्टारसाठी आतून काळं टाकं आणि विषारी नसलेल्या काळ्या रंगाचं पाणी, ही जोडी मला सोयीची वाटते.

पाण्याचं तापमान २२ ते २५ अंश. वाचायला सोपं आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं आणि जानेवारीच्या सकाळी तेच पाणी बोटं बधिर करतं.

माझ्या स्वतःच्या प्रबंधातली गोष्ट सांगते. एप्रिल महिना होता. सोयीसाठी मी सगळे नर सकाळी आठपासून घ्यायचे आणि माद्या जेवणानंतर. पाचही दिवस माद्या मागं राहिल्या आणि मी लिहून टाकलं : मादींचं शिकणं सावकाश. दोन वर्षांनी ती वही पुन्हा चाळताना तापमानाचा रकाना नजरेला पडला. सकाळी २४, दुपारी ३१. कोमट पाण्यात उंदराला बाहेर पडायची घाई नसते. तो तरंगतो, रेंगाळतो. माझ्या माद्या सावकाश शिकत नव्हत्या, त्यांना दुपारचं ऊन लागलं होतं. ते वाक्य छापलं गेलं होतं आणि मला ते आजही सलतं.

म्हणून नर, मादी, नर, मादी असा आलटूनपालटून क्रम लावा आणि दर चार प्राण्यांनंतर थर्मामीटर वाचा. गार पाण्याचं उलट होतं. लहान अंगाचा प्राणी लवकर गारठतो, म्हणजे थंडीचा फटका मादीला आधी बसतो. दोन फेऱ्यांमध्ये टॉवेलनं पुसा, उबदार डब्यात ठेवा.

ज्यांच्या गावात टँकर येतो त्यांनी रोज सहाशे लिटर पाणी ओतायचा हट्ट धरू नये. बार्न्स यांची १९७९ ची गोल फळीवरच्या भोकांची चाचणी किंवा ओल्टन आणि सॅम्युएलसन यांचा १९७६ चा आठ फाट्यांचा मार्ग कोरडाच असतो. फाट्यांच्या मार्गात प्राण्याला थोडं उपाशी ठेवावं लागतं, ते अर्जात आधीच लिहा.

भिंतीवर काय आहे?

उंदीर पाट बघत नाही, खोली बघतो. दार, खिडकी, कूलर, ट्यूबलाईट, तुम्ही स्वतः. या सगळ्या त्याच्या खुणा आहेत. एकदा एका गटाचा चौथा दिवस अचानक बिघडला. पाणी ठीक, पाट जागेवर. तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, की उन्हातून येताना डोक्याला बांधलेला पांढरा दुपट्टा भाऊ रोज एकाच खिळ्याला लटकवायचे आणि त्या दिवशी तो धुवायला घरी राहिला होता. आमच्या सगळ्या मोठमोठ्या रंगीत त्रिकोण-चौकोनांपेक्षा उंदरांनी तो दुपट्टा धरून ठेवला होता.

ही गोष्ट आपल्या विषयाच्या मध्यभागी घेऊन जाते. विल्यम्स, बार्नेट आणि मेक यांनी १९९० मध्ये बारा फाट्यांच्या मार्गात नर-मादींच्या खुणा हलवून बघितल्या. नर मुख्यतः खोलीच्या आकारावर, भिंती-कोपऱ्यांच्या मांडणीवर विसंबतात असं दिसलं. माद्या आकारही वापरत होत्या आणि खोलीत ठेवलेल्या वस्तूही. ज्या नरांचे वृषण जन्मल्या जन्मल्या काढले होते ते मादीसारखे वागले आणि जन्मतः इस्ट्रोजेन दिलेल्या माद्या नरासारख्या. म्हणजे हा फरक मोठेपणीच्या हार्मोनच्याही आधी, मेंदू घडत असतानाच पडायला लागतो. पुढं २०१० मध्ये बार्सिलोनाच्या चामिझो आणि सहकाऱ्यांनी त्रिकोणी टाक्यात आकार आणि वस्तू या दोन खुणा एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या. नर आकाराकडं वळले, माद्या वस्तूकडं. दोघांनाही पाट शोधता येत होता.

आपल्याकडं वाट सांगतात तेच आठवा. एक म्हणतो, "पांदणीनं सरळ जा, धुरा लागला की मावळतीकडं वळा." दुसरा म्हणतो, "जळक्या चिंचेपाशी वळा, मग विहीर दिसते." दोन्ही माणसं वावरात पोचतात. चिंच तोडली तर दुसऱ्याची पंचाईत होते, पण म्हणून त्याला वाट ठाऊक नव्हती असं होत नाही.

तेव्हा खोलीत आकाराची आणि वस्तूंची, दोन्ही प्रकारच्या खुणा ठेवा. कोणती वस्तू कुठं आहे याचा मोबाइलवर फोटो काढा आणि रोज सकाळी त्याच्याशी ताडून बघा. तुम्हीही रोज एकाच जागी उभे राहा. वीज गेली तर तो फेरा रद्द करा, 'झालाच आहे' म्हणून मोजू नका.

काठ

नवी मुलं इथं सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून इथं थोडं थांबू.

पहिल्यांदा पाण्यात सोडलेला उंदीर काय करतो? काठाला चिकटून गोल गोल पोहतो. त्याला पाट नावाची काही वस्तू इथं आहे हेच माहीत नसतं. त्याला तीन गोष्टी शिकायच्या असतात. काठानं बाहेर पडता येत नाही, ही पहिली. मधे कुठंतरी पाय टेकायला जागा आहे, ही दुसरी. ती जागा नेमकी कुठं आहे, ही तिसरी. दिशाज्ञान फक्त तिसऱ्यात आहे. पहिल्या दोन गोष्टी धीराच्या आणि सरावाच्या आहेत.

गावात विहिरीवर पोहायला शिकलेल्या कुणालाही हे सांगायला नको. पाठीला डबा बांधून पहिल्यांदा उतरलेलं पोरगं कपारीचा दगड सोडत नाही. त्या वेळी त्याला विचारलं, की पायऱ्या कोणत्या बाजूला आहेत, तर त्याला सांगता येणार नाही. ते वाट विसरलेलं नसतं, भ्यालेलं असतं.

पहिल्या वर्षी मी घड्याळ घेऊन उभी होते आणि एक मादी साठ सेकंद काठानंच फिरली. मी वहीत ६० लिहिलं. मागून भाऊ म्हणाले, "मॅडम, ते चुकून नाही राह्यली. भेऊन राह्यली ते. तिले जरा दम घेऊ द्या." मी तेव्हा मान हलवली आणि पुढचा प्राणी घेतला. त्यांचं म्हणणं शास्त्रानं आधीच तपासलं होतं, हे मला नंतर वाचनात कळलं.

१९९६ मध्ये पेरो-सिनल आणि सहकाऱ्यांनी उंदरांना आधी असा सराव दिला, ज्यात पाट दर फेरीत जागा बदलायचा. म्हणजे पाटाची जागा शिकायला काही वावच नव्हता. फक्त 'काठ सोडा, पाट असतो' एवढंच कळायचं. त्यानंतर पाट एका जागी ठेवून खरी चाचणी घेतली, तर सराव न दिलेल्या गटात दिसलेला नर-मादी फरक सराव दिलेल्या गटात उरला नाही. २००४ मध्ये बेको आणि सहकाऱ्यांनी तणावाच्या बाजूनं तेच बघितलं. पाण्यात टाकल्यावर माद्यांचं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे तणावाचं हार्मोन, जास्त चढत होतं. चाचणीची आधी सवय करून दिल्यावर फरक मावळला.

याचा अर्थ 'फरक नसतोच' असा घेऊ नका. विल्यम्स यांचं खुणांबद्दलचं निरीक्षण शाबूत आहे. पण पहिल्या दोन दिवसांत माद्या काही सेकंद मागं पडतात, त्यातला मोठा वाटा काठाचा आणि भीतीचा असू शकतो. म्हणून खऱ्या चाचणीआधी किमान एक दिवस जागा बदलणाऱ्या पाटाचा सराव द्या. पडदे ओढा, खुणा झाका. तुमच्या वेळापत्रकातला हा एक दिवस वाचवू नका, बाकी कुठंही काटकसर करा.

रोजचे फेरे

पाच दिवस, रोज चार फेरे. प्रत्येक फेरीत सुरुवातीची जागा वेगळी, उत्तर-दक्षिण-पूर्व-पश्चिम यांतून चिठ्ठ्या टाकून ठरवलेली. उंदराला काठाकडं तोंड करून, हळूच, मागच्या बाजूनं पाण्यात सोडा. साठ सेकंदांत पाट सापडला नाही तर हातानं वाट दाखवून पाटावर न्या आणि पंधरा सेकंद तिथं बसू द्या. त्या वेळी तो मान वळवून भोवताली बघतो. बघू द्या, त्याचा नकाशा तेव्हाच पक्का होतो. सहाव्या दिवशी पाट काढून साठ सेकंद सोडा आणि पाट होता त्या चतुर्थांशात तो किती वेळ शोधतो ते मोजा. नुसत्या योगायोगानं २५ टक्के वेळ तिथं जाणारच, त्याहून किती जास्त हे महत्त्वाचं. शेवटी पाण्यावर दिसणारा, झेंडा लावलेला पाट ठेवून एक फेरी घ्या. ज्याला तोही सापडत नाही त्याची नजर किंवा पोहणं कमी आहे. पांढऱ्या उंदरांची नजर तशीही फारशी तीक्ष्ण नसते.

मादीचं चक्र बघायचं का?

उंदराच्या मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं. तुमचं प्रशिक्षण पाच दिवसांचं. म्हणजे प्रत्येक मादी शिकता शिकताच सगळ्या अवस्थांतून जाते. म्हणून 'नर-मादी फरक आहे का' एवढाच प्रश्न असेल तर चक्र न बघता माद्या घेतल्या तरी चालतं, असं माझं मत आहे.

चक्राचाच प्रश्न असेल तर रोज एकाच वेळी योनीतल्या पेशींचा लेप घ्यावा लागतो. ड्रॉपरनं थोडं सलाईन, अगदी वरवर. खोल गेलात तर मादीला खोटी गर्भधारणा होऊ शकते. काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. द्राक्षाच्या घोसासारख्या गोल, केंद्रक असलेल्या पेशी दिसल्या तर प्रोइस्ट्रस, म्हणजे माजाच्या आधीची अवस्था. पोह्यांसारख्या कोरड्या, कडा दुमडलेल्या, केंद्रक नसलेल्या पेशी म्हणजे इस्ट्रस, माजाची अवस्था. खसखशीसारख्या बारीक पांढऱ्या पेशींची गर्दी म्हणजे डायइस्ट्रस. सगळ्यांची खिचडी असेल तर मेटइस्ट्रस. आणि ज्या दिवशी मादीचा लेप घ्याल त्या दिवशी नरालाही तसंच उचलून, तेवढाच वेळ धरून ठेवा. नाहीतर तुम्ही हार्मोन नाही, हाताळणी मोजाल.

इथं वाचनात एक गाठ लागेल. १९९० मध्ये वूली आणि मॅकएवन यांच्या गटानं दाखवलं की हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागातल्या पेशींच्या फांद्यांवरचे काटे, जिथं पेशी एकमेकींना भेटतात, ते प्रोइस्ट्रसमध्ये वाढतात आणि इस्ट्रसमध्ये, म्हणजे दिवसभरातच, सुमारे ३० टक्के कमी होतात. मग वाटेल की प्रोइस्ट्रसमध्ये मादी सर्वात हुशार. कोरल यांच्या गटाच्या २००४ च्या टी आकाराच्या मार्गात तसंच काहीसं दिसलं, प्रोइस्ट्रसमध्ये माद्या 'जागा' धरून वळत होत्या आणि इस्ट्रसमध्ये 'वळण' धरून. पण वॉरेन आणि जुरास्का यांनी १९९७ मध्ये पाण्याच्या टाक्यात उलट बघितलं. लपलेला पाट इस्ट्रसमधल्या मादींना चांगला सापडला आणि खूण लावलेला, दिसणारा पाट प्रोइस्ट्रसमध्ये. एक चाचणी खाऊसाठी, दुसरी पाण्यातून सुटण्यासाठी. भूक आणि भीती यांत मेंदू सारखा वागत नसावा. मला हे उत्तर पटतं, पण ते माझं अनुमान म्हणूनच वाचा.

घड्याळ आणि वाट

फक्त सेकंद लिहू नका. समजा, नर सेकंदाला २५ सेंटिमीटर पोहतो आणि २० सेकंदांत पोचतो. मादी सेकंदाला २० सेंटिमीटर पोहते आणि २५ सेकंदांत पोचते. घड्याळ म्हणतं नर पुढं. वाट मोजा : दोघांचीही पाचशे सेंटिमीटर. दोघांनाही जागा सारखीच ठाऊक आहे, एकाचे पाय वेगानं चालतात एवढंच.

टाक्यावर मधोमध आडव्या पट्टीला मोबाइल बांधा आणि प्रत्येक फेरीचं चित्रण करा. मोफत सॉफ्टवेअर मिळतं. ते जमलं नाही तर संगणकाच्या पडद्यावर ट्रेसिंग पेपर धरून वाट पेन्सिलीनं गिरवा आणि दोऱ्यानं मोजा. माझ्या दोन विद्यार्थिनींनी असं सगळं काम केलंय आणि त्या कागदांवरून जे कळलं ते आकड्यांच्या तक्त्यातून कधीच कळलं नसतं. पहिल्या दिवशी कागदभर काठाची कडी. दुसऱ्या दिवशी कडीतून एखादी रेघ आत येते आणि दचकल्यासारखी परत जाते. तिसऱ्या दिवशी वेटोळी, पाटाच्या जवळपास. पाचव्या दिवशी सरळ रेघ. वाट, वेग, काठाजवळचा वेळ आणि पाट काढलेल्या फेरीतला चतुर्थांश, हे चार रकाने हवेतच. चित्रण बघून मोजणाऱ्याला कोणता प्राणी कोणत्या गटातला हे माहीत नसावं.

आकडेमोड

नरांची वेगळी चाचणी, मादींची वेगळी चाचणी, आणि 'नरात औषधाचा परिणाम लक्षणीय, मादीत नाही, म्हणून फरक आहे' हा निष्कर्ष चुकीचा आहे. दोन्ही गट एकाच विश्लेषणात घ्या, त्यात लिंग आणि औषध (औषध नसेल तर लिंग आणि दिवस) यांचा एकमेकांवरचा परिणाम तपासा. वीस फेरे म्हणजे वीस प्राणी नव्हेत. मोजायचं एकक प्राणी आहे.

लिहिताना

'नर हुशार' किंवा 'मादी कमी' असे शब्द प्रबंधात नकोत. 'या टाक्यात, या सरावानंतर, या खुणांसोबत' असं लिहा. का, असा प्रश्न तोंडी परीक्षेत येईल. गॉलिन आणि फिट्झजेराल्ड यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या कुरणात राहणाऱ्या व्होल या उंदरासारख्या प्राण्याच्या वेगवेगळ्या जाती तपासल्या होत्या. ज्या जातीत नर अनेक माद्यांच्या शोधात दूरदूर भटकतो तिथं नर मार्ग शोधण्यात पुढं होते. ज्या जातीत नर-मादी जोडीनं एकाच परिसरात राहतात तिथं फरक नव्हता. हे उत्तर सांगा, पण ते व्होलचं आहे हेही सांगा.

दरवर्षी कुणीतरी वर्गात हसत विचारतं, "म्हणजे बायकांना रस्ता कळत नाही, हे खरं ना मॅडम?" मी तेव्हा उंदराच्या वाटेचे ते गिरवलेले कागद टेबलावर पसरते आणि त्यातली कोणती मादीची, कोणती नराची, ओळखा म्हणते. पाचव्या दिवसाच्या कागदांवर आजवर कुणाला ओळखता आलेलं नाही. माणसांबद्दल बोलायचं असेल तर माणसांवरचा अभ्यास वाचा. तो वेगळा विषय आहे.

केव्हा सुरू करायचं

आपल्याकडं या प्रयोगाचे दिवस म्हणजे दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. मार्चनंतर पाणी आवरत नाही आणि भारनियमन सुरू झालं की खोलीही आवरत नाही. समितीची बैठक रोज होत नाही, शंका निघाल्या तर अर्ज परत येतो. त्यानंतर प्राणी मागवायचे, त्यांना जागेची सवय होऊ द्यायची, आठवडाभर हाताळायचं. फॉर्म बी पोळ्याच्या आसपास दिला तर दिवाळीच्या सुट्ट्या संपता संपता टाक्यात पाणी भरता येतं.